एकतीस दिवसांचं ऑपरेशन

आमच्या दक्षिण युटलँडमध्ये माणसाची सभ्यता तो किती केक खातो यावर मोजतात. कॉफीला बोलावलं की टेबलावर मऊ आणि खुसखुशीत मिळून चौदा प्रकार हवेत, आणि पाहुण्याने चौदाच्या चौदा घ्यायचे. क्रमसुद्धा ठरलेला. आधी लोणी लावलेले पाव, मग मऊ केक, मग क्रीमचे थर दिलेले मोठे केक आणि शेवटी, पोटात सुईलाही जागा उरली नाही की बिस्किटं. एखादा प्रकार तुम्ही चुकवलात तर तो करणारी बाई तोंडाने काही बोलत नाही. ती फक्त पंधरा वर्षं लक्षात ठेवते.

आस्मुस लोरेन्सेन हा अत्यंत सभ्य माणूस. चाळीस वर्षं त्याने नगरपालिकेत बसून बागेतल्या शेडांना परवाने दिले, म्हणजे खरं तर नाकारले, आणि निवृत्त झाल्यावरही ‘अर्ज अपुरा आहे’ हा भाव काही त्याच्या चेहऱ्यावरून उतरला नाही. शेजारच्या हान्सिनेच्या सत्तरीला तो दहाव्या प्रकारापर्यंत तग धरून होता. अकरावा होता काळ्या पावाचा केक, मध्ये बोटभर क्रीम. पहिल्याच घासाला त्याच्या उजव्या बरगडीखाली कोणीतरी फडकं पिळावं तसं पिळलं. सभ्य माणूस, म्हणून त्याने बारावाही घेतला. तेरावा बशीत असताना तो खुर्चीवरून हळूहळू खाली सरकत गेला आणि टेबलाखाली दिसेनासा झाला. गळ्यातला रुमाल मात्र जागच्या जागी होता. “माझ्या बदामाच्या बिस्किटांपर्यंत आलाच नाही,” असं हान्सिने नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत होती. दुःख त्याचं होतं की बिस्किटांचं, ते तिने शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

पित्ताशयात खडे. ही काही नवी बातमी नव्हती. अकरा वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी ते खडे पडद्यावर दाखवले होते.

“या खेपेला वाचलात, आस्मुस,” डॉक्टर म्हणाले. “पुढच्या खेपेला ते पित्ताशय तुमची परवानगी न घेता फुटेल. काढून टाका.”

“विचार करतो.”

“अकरा वर्षं विचारच करताय तुम्ही.”

बाहेर आल्यावर गुड्रून, म्हणजे त्याची बायको, गाडीत बसली पण किल्ली फिरवेना. समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, “तू घाबरतोस हे मला माहीत आहे. कशाला घाबरतोस तेही माहीत आहे. पण केकपायी विधवा व्हायची माझी इच्छा नाही. सांगून ठेवते.”

कशाला घाबरतो, तर १९५७ सालाला. आस्मुस सात वर्षांचा असताना त्याची आई ह्याच दुखण्यासाठी जिल्ह्याच्या जुन्या हॉस्पिटलात गेली. वय चौतीस. शुक्रवारी ऑपरेशन झालं, उत्तम झालं. पोटावर वीतभर टाके आणि सक्त ताकीद, की जमिनीला पाय लावायचा नाही. मुलांना वॉर्डात मज्जाव. दर रविवारी वडील त्याला चांगला कोट घालून न्यायचे आणि खालच्या हिरवळीवर उभं करायचे. मग तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक नर्स यायची आणि आईच्या वतीने हात हलवायची. असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी खिडकीत आई स्वतः आली. पांढरा झगा, केस मोकळे. तिने हात हलवला, त्यानेही हलवला. एकतिसावा दिवस होता तो. संध्याकाळी ती गेली.

पण गंमत अशी, की तो महिना आठवला की आस्मुसला नुसतं दुःखच आठवत नसे. त्या एकतीस दिवसांत तो गावातल्या अकरा घरांत जेवला होता. कुणी त्याचे मोजे धुतले, कुणी वडिलांचे बटाटे खणून दिले, पोस्टमन सायकल थांबवून रोज विचारायचा. तेव्हा तरुण असलेल्या थोर्किलच्या घरी चुलीवर सफरचंदं शिजत असायची आणि तो वास अख्ख्या अंगणात पसरायचा. आयुष्यातला सर्वांत वाईट आणि सर्वांत लाडाचा महिना एकच होता. एकाची आठवण काढावी तर दुसऱ्याला हाक मारल्यासारखं व्हायचं, म्हणून तो सहसा कुणाचीच काढत नसे.

गाडीत गुड्रूनने किल्ली फिरवली नाही ती नाहीच. शेवटी पाऊण तासाने आस्मुस म्हणाला, “बरं, करतो,” आणि गाडी सुरू झाली.

बातमी गावात त्यांच्या गाडीच्या आधी पोचली. संध्याकाळी हान्सिने आणि तिचा नवरा लाउस्ट सल्ला द्यायला हजर. हान्सिनेचं पित्ताशय १९७४ साली निघालं होतं आणि तेव्हापासून त्या विषयात तिचा शब्द शेवटचा होता.

“अठरा दिवस होते मी, अठरा! आणि टाके एवढे,” तिने हात इतके लांब केले की त्यात एखादा मध्यम आकाराचा मासा मावला असता. “आता काय, सगळं घाईघाईचं. तेव्हा ऑपरेशनला काही इज्जत होती. मोठे डॉक्टर यायचे तेव्हा मागे नऊ माणसं चालायची.”

“आणि सिगार ओढायचे,” लाउस्ट हळहळून म्हणाला. “वॉर्डातच.”

शहाण्णव वर्षांचा थोर्किल चालायची चाकाची गाडी ढकलत मुद्दाम आला. “भूल देतात ना,” तो म्हणाला, “तेव्हा काहीतरी सुंदर आठवत राहा. शेवटचं असलं तर निदान चांगलं तरी असेल.” आस्मुसने त्याचे आभार मानले.

आता सरकारी पत्रांचं सांगायला हवं. आमच्याकडे सरकारी पत्रं कागदावर येत नाहीत, संगणकातल्या पेटीत येतात. ही पेटी कशी उघडायची हे आस्मुसने नोकरीच्या शेवटच्या वर्षी वाचनालयात अडीचशे म्हाताऱ्यांना शिकवलं होतं. स्वतःची मात्र त्याने एकदाही उघडली नव्हती. माझ्याशी बोलायचं असेल तर सरकारने दारावरची घंटा वाजवावी, अशी त्याची भूमिका. तो रोज दाराबाहेरच्या पत्रपेटीत हात घालून बघायचा आणि “अजून काही नाही,” म्हणून समाधानाने आत यायचा. सात आठवड्यांनी हॉस्पिटलचा फोन आला: आपण दिलेल्या तारखेला न आल्यामुळे आपलं नाव कमी करण्यात आलं आहे.

“कोणती तारीख?” आस्मुस गरजला. फोनवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं की तीन पत्रं पाठवली, तिन्ही न उघडलेली दिसतायत. चाळीस वर्षं हेच वाक्य तो लोकांना ऐकवत आला होता. ऐकायला ते इतकं वाईट लागतं याची त्याला कल्पना नव्हती.

नवी तारीख मिळाली, त्याबरोबर प्रश्नावली. ‘मध्ये न थांबता दोन जिने चढू शकता का?’ आस्मुस प्रामाणिक माणूस, अंदाजाने उत्तर लिहिणं त्याच्या रक्तात नाही. पण घर एकमजली. अख्ख्या गावात दोन जिने सलग असलेली इमारत एकच, चर्चचा मनोरा. तेव्हा किल्ली मागून तो मनोरा चढला आणि उत्तर लिहिलं, ‘होय. एकदा थांबलो, परंतु ते दृश्य पाहण्यासाठी.’ दुसऱ्या दिवशी नर्सचा फोन: “थांबलात तेव्हा दम लागला होता का?” “नाही, शेतं दिसत होती.” “बरं. मग ‘होय’ एवढंच लिहू का?” आस्मुसला ते उत्तर अपुरं वाटलं, पण त्याने हरकत घेतली नाही.

आणि मग त्याने पत्राची शेवटची ओळ वाचली. ‘सकाळी सव्वासातला यावे. दुपारी घरी जाता येईल.’

त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग हॉस्पिटलला फोन लावला. रांगेत आपला क्रमांक चौदावा आहे, असं एक यंत्र त्याला वीस मिनिटं सांगत राहिलं.

“तुमच्या पत्रात चूक आहे,” तो म्हणाला. “दुपारी घरी, असं छापलंय. कोणत्या महिन्यातल्या दुपारी ते राहिलंय.”

“त्याच दिवशी, आस्मुस. कॉफीच्या वेळेपर्यंत घरी असाल.”

त्याने फोन ठेवला. नोव्हेंबरात बर्फाचे टायर बसवायला गाडी दिली तर गॅरेजवाला याहून जास्त वेळ ठेवून घेतो. अकरा वर्षं ज्या गोष्टीच्या धास्तीने त्याने लोणी चोरून खाल्लं, ती गोष्ट हे लोक नाश्ता आणि कॉफी यांच्या मध्ये उरकणार होते. अपमान झाला तो झालाच, पण धाबंही दणाणलं. जे घाईत होतं ते नीट होतं कसं? एकतीस दिवस देऊनही जिथे आई वाचली नाही, तिथे सात तासांत काय होणार?

गावात त्याने हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुठल्या तोंडाने? हान्सिनेने तोवर भेटींचं वेळापत्रक केलं होतं: तीन आठवडे, रोज दोघं, दुपारी तीन ते चार. ते किराणा दुकानाच्या फळ्यावर, एक हरवलेलं मांजर आणि चर्चच्या गायनवर्गाची सूचना यांच्या मधोमध लागलं होतं. बागेला पाणी घालायला माणूस ठरला होता. लोक रस्त्यात थांबून त्याचा हात जरा जास्तच वेळ हातात धरत होते. खरं सांगायचं तर आस्मुसला ते बरं वाटत होतं. सात वर्षांचा होता तेव्हापासून त्याच्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं.

“सांगून टाक त्यांना,” गुड्रून म्हणाली.

“वेळापत्रक बुधवारपासून आहे. मंगळवारी संध्याकाळी परत आलो की सांगतो. आलो तर.”

“आस्मुस.”

“आलो की. ‘आलो की’ म्हणालो मी.”

मंगळवारी सकाळी सव्वासातला बोलावलं होतं, म्हणून सात वाजून पाच मिनिटांनीच ते हजर झाले. आस्मुसच्या हातात मोठी सुटकेस होती. चार पायजमे, दोन जाडजूड पुस्तकं, गजराचं घड्याळ आणि एक नवा लोकरी झगा. टोवे नावाची पन्नाशीची नर्स सुटकेसकडे बघून म्हणाली, “अरे वा, विमान किती वाजताचं आहे?” मग तिने त्याचं नाव आणि जन्मक्रमांक, म्हणजे सरकारी ओळखक्रमांक, विचारला. त्याने सांगितला. पलंगाशी दुसरीने विचारला. सुई टोचणाऱ्याने विचारला. ढकलत नेणाऱ्याने विचारला. सहाव्यांदा एका माणसाने विचारला तेव्हा आस्मुसचा संयम सुटला.

“दाराशी सांगितला तोच आहे! मध्ये मी कुठे बदललो नाही.”

“बरं झालं,” तो माणूस म्हणाला. “आम्हालाही बदललेलं चालत नाही. इथे आज तीन आस्मुस आहेत, त्यातल्या एकाचा गुडघा आहे.”

नगरपालिकेत चाळीस वर्षांत आस्मुसनेही दोन वेळा चुकीच्या माणसाची शेड पाडली होती. सातव्यांदा विचारलं तेव्हा त्याने आकडे सावकाश, एकेक करून सांगितले.

मोठे डॉक्टर आले तेव्हा मागे नऊ माणसं नव्हती. मोठे डॉक्टर म्हणजे पळायचे बूट घातलेली, केस वर बांधलेली, तिशीतली एक बाई होती. “मी फ्रेया. चार छोटी भोकं पाडणार, कॅमेरा घालून आत बघणार, पित्ताशय नाभीतून बाहेर काढणार. काही काळजी वाटतेय?”

‘नाही’ म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं. “माझी आई यातच गेली. सत्तावन्न साली.”

फ्रेयाने ‘काळजी करू नका’ म्हटलं नाही. ती स्टुलावर बसली. तिला घाई होती हे दिसत होतं, तरी बसली. “तेव्हा आत बघायचं म्हणजे सगळं उघडावंच लागायचं,” ती म्हणाली. “त्यांच्याकडे होतं त्यात त्यांनी केलं असेल. माझ्याकडे खूप जास्त आहे. ते सगळं मी आज तुमच्यासाठी वापरणार आहे.”

भूल देणारा म्हणाला, आता काहीतरी छान आठवा. आस्मुसने थोर्किलच्या अंगणात शिजणाऱ्या सफरचंदांचा वास आठवायला घेतला. दालचिनीपर्यंत पोचला न पोचला, तोच कुणीतरी म्हणालं, “झालं, आस्मुस. उठा बघू.”

त्याला वाटलं थट्टा करतायत. घड्याळात साडेदहा वाजले होते. पोट होतं, पोटावर चार पट्ट्या होत्या, आणि तो होता.

अर्ध्या तासाने टोवे आली आणि तिने पांघरूण बाजूला केलं. “चला. दाराजवळच्या खिडकीपर्यंत चालायचं.”

“वेड लागलंय का?” आस्मुसने पांघरूण ओढून घेतलं. “आताच पोट कापलंय माझं! माझ्या आईला एकतीस दिवस पाय खाली ठेवू दिला नव्हता.”

“आणि मग?”

“मग उठली. एकदाच उठली. मी खाली उभा होतो, मला दिसावं म्हणून खिडकीशी आली. आणि त्याच दिवशी...” पुढचं त्याने एकसष्ट वर्षांत गुड्रून सोडून कुणाला सांगितलं नव्हतं आणि गुड्रूनलाही अर्धंच सांगितलं होतं. “मी तिथे नसतो तर ती उठली नसती.”

टोवे पलंगाच्या कडेवर बसली. नर्सांनी पलंगावर बसायचं नसतं, नियम आहे. नियमाचा माणूस असूनही आस्मुसने पाय सरकवून तिला जागा करून दिली.

“किती दिवस झोपून होती म्हणालात?”

“एकतीस.”

“इतके दिवस हलू दिलं नाही की पायात रक्ताची गाठ होते. कित्येकदा कळतही नाही. मग ती कधीतरी सुटते आणि छातीत जाते. त्या काळी अशी कितीतरी माणसं गेली. काळजी म्हणून झोपवून ठेवायचे हो, प्रेमानेच ठेवायचे. माहीतच नव्हतं कुणाला.” तिने त्याच्या पायात सपाता चढवल्या. “तुमची आई तुमच्यासाठी उठली म्हणून गेली नाही, आस्मुस. त्याआधी तीस दिवस तिला कुणी उठवलं नाही म्हणून गेली. आता चला, मी धरते.”

खिडकी चौदा पावलांवर होती. आस्मुस तिथपर्यंत गेला, परत आला आणि कुणी सांगितलं नसताना आणखी एकदा गेला.

दोन वाजता त्याला घरी सोडलं. सुटकेस उघडलीसुद्धा नव्हती. वाटेत तो म्हणाला, “जुन्या हॉस्पिटलवरून घे.” गुड्रूनने गाडी वळवली. जुन्या हॉस्पिटलचे आता फ्लॅट झालेत. हिरवळीवर सायकलींची शेड होती. परवाना आहे की नाही, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला, सवयच ती. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत कुणीतरी झाडांच्या कुंड्या ठेवल्या होत्या. दोघं गाडीतच बसून राहिली, चांगले दीड-दोन तास. टोवेने सांगितलेलं त्याने तिला सांगितलं, पहिला अर्धा भागही आणि राहिलेला अर्धाही. गुड्रूनने त्याचा हात धरला आणि फोन हॉस्पिटलात बंद केला होता तो बंदच राहिला.

इकडे काय झालं, तर वेळापत्रक बुधवारपासून असलं तरी हान्सिनेला बुधवारपर्यंत दम निघेना. पहिली भेट दुसऱ्या कुणाची व्हावी हे तिला सहनच होणारं नव्हतं. मंगळवारी तीनच्या ठोक्याला ती टोपलीत केक घेऊन वॉर्डात हजर झाली. पलंग मोकळा. चादर काढलेली. एक बाई गादी जंतुनाशकाने पुसत होती. हान्सिने दिसेल त्या नर्सला धरून विचारू लागली. ती बिचारी अगदी नवी होती.

“मला पेशंटबद्दल काहीही सांगता येत नाही,” ती गंभीरपणे म्हणाली. “तुम्ही घरच्या माणसांशी बोला.”

१९७४ साली, हान्सिनेच्या शेजारच्या पलंगावरची बाई गेली तेव्हा, नर्सने अगदी असाच चेहरा केला होता. हान्सिने गादीकडे बघत राहिली. मग तिने गुड्रूनला फोन लावला, तो बंद. मग लाउस्टला लावला.

साडेपाचच्या सुमारास गुड्रूनने गाडी गावात वळवली तेव्हा मे महिन्याचं ऊन अजून लख्ख होतं. पहिल्या घरावरचा झेंडा अर्ध्यावर होता. दुसऱ्याचाही. आमच्या गावात कुणी गेलं की रस्त्यावरचे सगळे झेंडे अर्ध्यावर येतात, मग त्या माणसाशी तुमचं भांडण का असेना.

“कोण गेलं गं?” आस्मुसने टोपी काढली.

“थोर्किल असेल,” गुड्रून हळूच म्हणाली. “शहाण्णव म्हणजे...”

आस्मुसला भरून आलं. “आज सकाळीच आठवण काढली मी त्याची. सोन्यासारखा माणूस. आणि लाउस्टने झेंडा बघ, हातभर खाली बांधलाय. अशा वेळीसुद्धा नीट करता येत नाही यांना.”

घराच्या फाटकाशी काळा सूट घातलेला थोर्किल चाकाची गाडी धरून उभा होता. आस्मुसने काच खाली केली.

“थोर्किल! तू जिवंत आहेस!”

थोर्किलने त्याला नीट न्याहाळलं. “अरे, हे मी तुला म्हणणार होतो.”

बागेत लांब टेबल मांडलेलं होतं आणि गाव काळ्या कपड्यांत उभं होतं. हान्सिने दोन्ही हातांत काळ्या पावाचा केक घेऊन येत होती. आस्मुस गाडीतून उतरताना दिसला तेव्हा तिच्या हातातून केक पडला नाही. आमच्याकडे असं होत नाही. तिने तो आधी नीट टेबलावर ठेवला आणि मग किंचाळली.

पुढची दहा मिनिटं कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. लाउस्टने विचारलं की मेलेला माणूस परत आल्यास झेंड्याचं काय करायचं, झेंड्याच्या नियमांच्या पुस्तकात तर काही दिलेलं नाही. “पूर्ण वर न्या आणि सूर्यास्ताच्या आत उतरवा,” आस्मुस म्हणाला, आणि तो खरोखरच आस्मुस आहे याची तेव्हा सगळ्यांना खात्री पटली. टेबलावर एक कागद होता, मृत्यूची बातमी वर्तमानपत्राला द्यायची म्हणून. त्याने तो उचलून वाचला. ‘आस्मुस लोरेन्सेन. तो नियम पाळत असे.’

“एवढंच?” आस्मुसला ते चांगलंच लागलं. “अडुसष्ट वर्षं जगलो मी इथे.”

“घाईत लिहिलंय रे,” लाउस्ट खजील होऊन म्हणाला. “दुसरा मसुदा होणार होता.”

“पण तू आजच कसा आलास?” हान्सिनेचं रडून झालं होतं आणि आता तिला राग येऊ लागला होता. “बघू टाके.”

त्याने सदरा वर केला. अख्खं गाव वाकून बघू लागलं. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चार पट्ट्या, एवढंच. असा भ्रमनिरास आमच्या गावात फार दिवसांत झाला नव्हता.

“यासाठी मी चाळीस किलोमीटर गेले?” हान्सिने म्हणाली. “यासाठी झेंडे उतरवले?”

“हो,” आस्मुस म्हणाला. “यासाठीच.”

पण कॉफी झाली होती, ती टाकून कशी देणार? सगळे बसले. आस्मुसला क्रीम मना होतं, म्हणून त्याच्या वाटणीचे प्रकार थोर्किलने खाल्ले, चौदाही, क्रमाने. टेबलाच्या कडेला दुसराही एक कागद पडलेला आस्मुसला दिसला: गुड्रूनने महिनाभर कोणत्या दिवशी कुणाच्या घरी जेवायचं. अकरा घरं होती. त्याने तो कुणाचं लक्ष नसताना घडी करून गुड्रूनच्या हातात दिला आणि ती वाचेपर्यंत दुसरीकडे बघत राहिला. गाव तेच होतं, नुसती माणसं बदलली होती.

साडेसातला लोक उठले, बशा धुऊन गेले, लाउस्टने झेंडा उतरवून घडी घातली. आस्मुस आत जाऊन पलंगाच्या कडेवर बसला. ऊन खिडकीतून सरळ त्याच्या पोटावर येत होतं. त्याने सदरा पुन्हा वर केला आणि त्या चार पट्ट्यांकडे बघितलं. त्यातली सर्वांत मोठी त्याच्या अंगठ्याएवढीसुद्धा नव्हती. आईला एवढंच हवं होतं. चार भोकं, एक सकाळ आणि उठवून चालवणारी एक बाई. संध्याकाळी ती घरी आली असती. चौतीस वर्षांची होती ती, त्याच्या स्वतःच्या मुलीपेक्षा लहान. आस्मुस रडायला लागला, आवाज न करता, पण थांबता येत नव्हतं.

गुड्रून ओले हात पुसत दारात आली आणि घाबरून तिथेच थांबली.

“दुखतंय का रे? गोळी देऊ?”

आस्मुसने मान हलवली.

“नाही गं,” तो म्हणाला. “तेच तर. काहीच दुखत नाहीये.”